जबडा पुढे धरणारे अप्लायन्स: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, माध्यमिक शाळेत शिकवतो आणि घरची सहा एकर शेतीही पाहतो. मला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे. त्यावर नाकातून दाबाने हवा सोडणाऱ्या सीपॅप यंत्राऐवजी दातांवर बसवायचे अप्लायन्स मी गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून वापरत आहे. या वस्तूविषयी मराठीत वाचायला मिळते ते बहुतेक जाहिरातीच्या भाषेत असते, आणि खेड्यात राहणाऱ्या माणसाने ती घ्यावी की नाही, याचा विचार त्यात कुठेच नसतो. म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहितो.

माझे घोरणे गावात प्रसिद्ध होते. हरभऱ्याच्या दिवसांत आम्ही रानडुकरे आणि रोही (नीलगायी) हाकलायला वावरात जागलीला जातो, तेव्हा शेजारच्या धुऱ्यावरचे लोक म्हणत की गुरुजी झोपले असले तर फटाके फोडायची गरज नाही. हसण्यावारी जाणारी ही गोष्ट माझ्या पत्नीने मात्र तशी नेली नाही. ती एवढेच म्हणाली, "घोरनं चालते, पन मधातच तुमचा श्वास बंद होते ना, तवा मले भेव वाटते." या आजाराचे याहून नेमके वर्णन मला नंतर कोणत्याही माहितीपत्रकात सापडले नाही. घोरण्याचा आवाज हा घशातली श्वासाची वाट अरुंद झाल्याचा आवाज असतो. आवाज मध्येच बंद पडणे म्हणजे ती पूर्ण मिटणे. श्वास किमान दहा सेकंद थांबला तर वैद्यकशास्त्रात त्याला एक ॲप्निया म्हणतात. असे थांबणे आणि अर्धवट अडकणे मिळून तासाला सरासरी किती वेळा होते, तो आकडा म्हणजे एएचआय. पाचच्या आत असेल तर ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तिसाच्या वर तीव्र अशी त्याची सर्वमान्य पायरी आहे.

दोन गोळ्या घेऊनही माझा रक्तदाब उतरत नव्हता, शाळेत दुपारच्या तासिकेला फळ्याकडे तोंड करून उभा असतानाही डोळा लागत होता आणि एकदा यवतमाळच्या रस्त्यावर मोटारसायकल डांबरावरून कच्च्यात उतरली तेव्हाच मला जाग आली. त्यानंतर यवतमाळच्या डॉक्टरांनी मला नागपूरला छातीच्या आजारांच्या तज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी आधी एपवर्थ स्केल नावाची आठ प्रश्नांची यादी भरून घेतली. बसून वाचताना, दूरचित्रवाणी पाहताना, दुपारी आडवे झाल्यावर वगैरे आठ प्रसंगी डुलकी लागण्याचा संभव किती, याला शून्य ते तीन असे गुण द्यायचे असतात. चोवीसपैकी दहाच्या वर गेले की दिवसाची झोप प्रमाणाबाहेर समजतात. मला सतरा मिळाले. मग घरी नेऊन करायची झोपेची तपासणी झाली. छातीला पट्टा, नाकात बारीक नळी आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावून मी एक रात्र झोपलो. अहवालात एएचआय चोवीस होता आणि रक्तातला ऑक्सिजन एका वेळी एकोणऐंशी टक्क्यांपर्यंत खाली गेला होता.

या आजारावरचा पहिला आणि सर्वांत प्रभावी उपचार सीपॅप हाच आहे, हे मी अप्लायन्सची स्तुती करण्याआधी स्पष्ट करतो. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली हे यंत्र जगापुढे आणले. नाकावर मास्क बसवून हवा सतत थोड्या दाबाने आत सोडायची आणि त्या दाबाने घशाची वाट मिटू द्यायची नाही, इतकी साधी त्याची कल्पना आहे. मी ते दोन महिने भाड्याने आणले होते. ज्या रात्री ते पाच-सहा तास चेहऱ्यावर टिकले त्या रात्रीनंतरची सकाळ मला आजही आठवते. डोके इतके हलके कित्येक वर्षांत झाले नव्हते. पण अशा रात्री थोड्याच होत्या. यंत्र स्वतःच्या वापराची नोंद ठेवते आणि दोन महिन्यांची माझी सरासरी रात्रीला तीन तासांच्या आत निघाली. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी वादळ आले की लाईन जाते आणि कधी कधी दुसऱ्या दिवशी दुपारी येते. लाईन गेली की यंत्र बंद, आणि मी दचकून उठून मास्क ओरबाडून काढणार. एप्रिलपासून आम्ही अंगणात खाट टाकून झोपतो. तिथे वायर ओढून यंत्र ठेवले तर त्याच्या फिल्टरवर दोन दिवसांत धुळीचा थर बसायचा. शेतीपंपाला वीज रात्रीची असली की ओलितासाठी वावरात जावे लागते आणि पाणी बदलून झाल्यावर तिथेच दोन-तीन तास पाठ टेकतो. त्या झोपेला यंत्र नाहीच. इन्व्हर्टर असलेल्या पक्क्या घरात एकाच जागी रोज झोपणाऱ्या माणसाने माझे हे रडगाणे मनावर न घेता सीपॅपच वापरावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मे महिन्यात मी एक मूर्खपणा केला, तोही सांगून टाकतो. ऑनलाइन दोन हजारांच्या आत एक माउथपीस मिळत होता. गरम पाण्यात बुडवून मऊ करायचा, चावायचा आणि थंड झाल्यावर तो तुमच्या दातांच्या आकाराचा होतो, असे त्याचे वर्णन होते. तो तोंडात मावेना. मावला तर मध्यरात्री उशीवर सापडे. जबडा किती पुढे घ्यायचा याचे माप त्यात अंदाजानेच होते, त्यामुळे आठ दिवसांत डाव्या कानापुढचा सांधा दुखू लागला. शेवटी यवतमाळला मुक्कामी जाताना तो गाडीच्या डिक्कीत राहिला आणि आमच्या मे महिन्यातल्या उन्हात दुपारभरात त्याचे जे झाले त्याला माउथपीस म्हणता आले नसते. गरम पाण्यात मऊ होणारी वस्तू विदर्भातल्या उन्हाळ्यात डिक्कीत ठेवू नये, हे मास्तराला तरी कळायला हवे होते. परताव्याची मुदत तोवर संपली होती.

आता खऱ्या अप्लायन्सकडे येतो. त्याचे पूर्ण नाव मॅन्डिब्युलर ॲडव्हान्समेंट डिव्हाइस, म्हणजे खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे साधन. झोपेत स्नायू सैल पडतात आणि जीभ व टाळूचा मऊ भाग मागे घशात कलंडतो. जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीच्या हाडाला आतून चिकटलेला असल्यामुळे जबडा काही मिलिमीटर पुढे घेतला की जिभेचे मूळही त्याच्याबरोबर पुढे ओढले जाते आणि तिच्यामागची वाट मोकळी होते. टाळूमागची जागा विशेषतः दोन्ही बाजूंनी रुंदावते. कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील पिएर रॉबाँ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच जन्मतः लहान जबडा असलेल्या आणि श्वास अडकणाऱ्या मुलांसाठी याच तत्त्वावरचे साधन वापरले होते. मोठ्यांच्या घोरण्यासाठी आणि ॲप्नियासाठी मात्र ती नीट रुळली १९८० नंतरच.

नागपूरच्या ज्या दंतवैद्यांकडे मी गेलो ते झोपेच्या आजारांवर अप्लायन्स बनवतात. त्यांचे नाव लिहीत नाही, कारण पुढे त्यांच्या दवाखान्याविषयी एक तक्रारही करायची आहे. त्यांनी पहिल्या भेटीत माप घेतलेच नाही. आधी झोपेचा अहवाल मागितला आणि अहवाल आणला नसता तर परत पाठवले असते, असे स्वच्छ सांगितले. ही वागणूक मला आवडली. घोरतो म्हणून कोणी अप्लायन्स मागितले आणि दिले, तर आवाज बंद होतो आणि आत आजार तसाच राहतो. माझ्याबाबतीतही हेच कसे घडता घडता राहिले ते पुढे येईलच. अहवाल पाहिल्यावर त्यांनी दात मोजले, हिरड्या तपासल्या, दोन्ही कानांपुढच्या सांध्यांवर बोटे ठेवून तोंड उघडायला-मिटायला लावले आणि खालचा जबडा मी स्वतःहून किती पुढे आणू शकतो ते पाहिले. वरच्या आणि खालच्या दोन्ही जबड्यांत पुरेसे पक्के दात नसतील तर अप्लायन्सला पकड मिळत नाही. हिरड्या सुटलेल्या असतील तर रात्रभराच्या जोराने दात हलतात. दात अजिबात नसलेल्यांसाठी जीभच हवेच्या पोकळीत पुढे धरून ठेवणारे रबरी साधन आहे आणि त्याविषयीचा पहिला अभ्यास १९८२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. परंतु ते दिवसेंदिवस सहन करणारे थोडे.

त्याच दिवशी माझ्यापुढे बसलेल्या एका गृहस्थांना परत जावे लागले, आणि तो प्रसंग आपल्या भागातल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. वय माझ्याहून कमी, आजार माझ्यापेक्षा सौम्य, सगळे दात जागेवर. पण बरीच वर्षे पन्नीत घोटलेला खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) गालात धरल्यामुळे गालांची आतली कातडी पांढुरकी आणि ताठ झाली होती आणि तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हते. सुपारीमुळे होणाऱ्या या आजारात तोंडात मापाचा साचाच जात नाही, मग अप्लायन्स जाणार कुठून? दंतवैद्यांनी त्यांना आधी तोंडाच्या आजारावर उपचार घ्यायला सांगितले, आणि पुढे त्यातून कर्करोग होण्याचा धोका असतो हेही सांगितले. मी स्वतः अकरा वर्षांपूर्वी खर्रा सोडला. तो सोडला नसता तर हा अभिप्राय लिहायची वेळ आली नसती. आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे आणि माझ्या दातांवर त्याचे पिवळे-तपकिरी डाग लहानपणापासून आहेत. त्यांच्यामुळे मात्र काही अडले नाही.

माप घेण्यापूर्वी दात साफ करणे, एक दाढ भरणे आणि एका दाढेवर कॅप बसवणे ही कामे मी दारव्ह्यालाच करून घेतली. हा क्रम महत्त्वाचा आहे. अप्लायन्स तयार झाल्यानंतर एखाद्या दाढेवर कॅप बसवली तर त्या दाढेचा आकार बदलतो आणि हजारोंची वस्तू बसेनाशी होते. मग नागपूरला दुसरी खेप. दातांचे साचे घेतले आणि जॉर्ज गेज नावाच्या, पट्टीसारख्या मोजमापाच्या साधनाने जबड्याची मागची आणि पुढची मर्यादा मोजली. माझा जबडा पूर्ण मागून पूर्ण पुढे दहा मिलिमीटर सरकतो. सुरुवात सहा मिलिमीटरवर करायची ठरली. पुष्कळ जण कमाल मर्यादेच्या पन्नास ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान सुरुवात करतात, असे त्यांनी सांगितले.

तीन आठवड्यांनी जी वस्तू हातात आली ती वरच्या आणि खालच्या दातांसाठी ॲक्रिलिकच्या दोन स्वतंत्र पारदर्शक पट्ट्यांची आहे. खालच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी वर उभे राहिलेले माशाच्या परासारखे भाग आहेत. ते वरच्या पट्टीवरच्या ठोकळ्यांना पुढून टेकतात आणि त्यामुळे जबडा मागे जाऊ शकत नाही. ठोकळ्यांत एकेक बारीक स्क्रू आहे. सोबत दिलेली सुईएवढी किल्ली त्याच्या भोकात घालून फिरवायची, की ठोकळा पुढे सरकतो. माझ्या अप्लायन्सवर दहा वेळा फिरवले की एक मिलिमीटर होतो. दोन्ही बाजू सारख्याच फिरवाव्या लागतात, नाहीतर जबडा तिरपा धरला जातो. मी हे काम दर रविवारी सकाळी ओसरीत उजेडात बसून, पत्नीचा वाचायचा चष्मा लावून करतो आणि फेऱ्या मोजून वहीत लिहितो. दोन पट्ट्या सुट्या असल्यामुळे तोंड उघडता येते, पाणी पिता येते आणि जागलीत रोही दिसला तर ओरडताही येते, जरी शब्द जरा बोबडे निघतात.

पहिले पंधरा दिवस सोपे नव्हते. लाळ इतकी सुटे की उशीवर टॉवेल टाकावा लागे. सकाळी पुढचे दात ठणकत. सगळ्यांत चमत्कारिक अनुभव सकाळच्या पहिल्या घासाचा होता. अप्लायन्स काढल्यावर जबडा लगेच मागे येत नाही, त्यामुळे मागच्या दाढा एकमेकींना टेकतच नाहीत. ज्वारीची भाकरी तोंडात आहे, जबडा हलतो आहे आणि भाकरी काही चावली जात नाही, अशी अवस्था पाऊण तास टिके. यासाठी दंतवैद्यांनी एक छोटा साचा दिला आहे. सकाळी तो दातांत धरून दहा मिनिटे हळूहळू चावायचे, म्हणजे दाढा आपल्या जागी येतात. मी ते गोठ्यात असताना करतो. महिन्याभरात लाळ आटोक्यात आली, दात दुखायचे थांबले. सकाळचा साचा मात्र आजही चुकवत नाही आणि नव्या माणसानेही चुकवू नये.

दीड महिन्यात घोरणे थांबले. घरात इतकी शांतता झाली की पत्नी दोन-तीनदा रात्री उठून माझ्या नाकापुढे हात धरून गेली. एपवर्थचे गुण सतरावरून नवावर आले. सगळे छान झाले असे समजून मी दुसरी झोपेची तपासणी टाळण्याच्या बेतात होतो, कारण पुन्हा नागपूर, पुन्हा किरकोळ रजा आणि पुन्हा पैसे. छातीच्या डॉक्टरांनी फोनवर बरीच सक्ती केली म्हणून गेलो. अप्लायन्स लावून केलेल्या त्या तपासणीत एएचआय तेरा निघाला. आवाज पूर्ण बंद होता आणि तरीही तासाला तेरा वेळा श्वास अडकत होता. या संपूर्ण व्यवहारात मला सर्वांत जास्त हादरवणारी गोष्ट कोणती, असे विचाराल तर हीच. घरच्यांचे कान ही या आजाराची तपासणी नव्हे. त्यानंतर तीन महिन्यांत मी आणखी दीड मिलिमीटर पुढे गेलो, दर आठवड्याला किल्लीचे एक-दोन फेरे, सांधा दुखला की आठवडाभर थांबायचे, असे करत. तिसऱ्या तपासणीत एएचआय सहा आणि ऑक्सिजनची सर्वांत खालची पातळी अठ्ठ्याऐंशी टक्के आली. पाचच्या आत तो गेलेला नाही. डॉक्टरांच्या मते माझ्या परिस्थितीत हे समाधानकारक आहे, कारण मी ते जवळजवळ रोज, रात्रभर वापरतो.

या शेवटच्या वाक्यातच अप्लायन्सच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद आहे. २०१३ साली सिडनीच्या संशोधकांनी त्याच त्या रुग्णांवर आळीपाळीने महिनाभर सीपॅप आणि महिनाभर अप्लायन्स वापरून तुलना प्रसिद्ध केली होती. एएचआय कमी करण्यात सीपॅप सरस ठरले. सीपॅपवर सरासरी साडेचार आणि अप्लायन्सवर अकरा. पण लोकांनी सीपॅप रात्रीला सरासरी सव्वापाच तास वापरल्याचे सांगितले, तर अप्लायन्स साडेसहा तास. आणि रक्तदाब, दिवसाची झोप, गाडी चालवण्याच्या चाचण्या यांत दोन्ही उपचार जवळपास सारखे ठरले. अमेरिकेतील निद्रावैद्यक आणि दंतनिद्रावैद्यक यांच्या संघटनांनी २०१५ साली एकत्र काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही ज्यांना सीपॅप सहन होत नाही किंवा दुसरा उपचार हवा असतो त्यांना अप्लायन्स द्यावे, ते तयार मालातले नसून मापाचे आणि पुढे-मागे करता येणारे असावे आणि दिल्यानंतर झोपेची तपासणी करावी, असेच म्हटले आहे. माझ्या हातून हे तिन्ही, पहिला माउथपीस जमेस न धरता, अखेर पाळले गेले.

रक्तदाबाविषयी मात्र कोणी मोठी आशा बाळगू नये. माझ्या दोन्ही गोळ्या चालूच आहेत. अभ्यासांतही दोन्ही उपचारांनी वरचा आकडा सरासरी दोन-अडीच मिलिमीटरच उतरलेला दिसतो. ज्यांचा आजार तीव्र आहे, वजन फार आहे किंवा श्वास घशात अडकण्याऐवजी मेंदूकडून आज्ञाच न आल्याने थांबतो, अशांनी अप्लायन्सच्या भरवशावर राहू नये. सगळ्या गोष्टी अनुकूल असल्या तरी काही जणांना त्याचा उपयोगच होत नाही आणि ते आधी नक्की सांगता येत नाही. पैसे भरण्यापूर्वी दंतवैद्यांनी हे मला स्वतःहून सांगितले, हा त्यांचा प्रामाणिकपणा.

पैशांचा हिशेब असा. अप्लायन्सचे चौतीस हजार रुपये. झोपेच्या तीन तपासण्या वेगळ्या. आणि दरपत्रकात कुठेच नसलेली बाब म्हणजे नागपूर. आमच्या गावाहून एका बाजूचा प्रवास पावणेदोनशे किलोमीटरच्या वर होतो. पहाटेची एसटी धरली तर दुपारी दवाखान्यात पोहोचावे आणि रात्री उशिरा घरी यावे. पहिल्या वर्षात अशा नऊ खेपा झाल्या. त्यांतल्या दोन टाळता आल्या असत्या, आणि माझी तक्रार इथेच आहे. एका खेपेला डॉक्टर परिषदेसाठी बाहेरगावी गेल्याचे मला दारात पोहोचल्यावर कळले. आदल्या दिवशी एक फोन केला असता तर माझी रजा आणि दिवस वाचला असता. दुसऱ्या वेळी प्रयोगशाळेतून आलेल्या वरच्या पट्टीची कड हिरडीला रुतत होती आणि ती घासून घ्यायला पुन्हा यावे लागले. घासायला लागली पाच मिनिटे. शिवाय दोन वर्षांची हमी तोंडी होती. मी ती लिहून मागितली तेव्हा स्वागतकक्षातल्या मुलीने डॉक्टरांना विचारायला पंधरा मिनिटे घेतली. अखेर लिहून मिळाली. माणसाच्या हाताला गुण आहे, पण दवाखान्याची व्यवस्था शहरातल्या रुग्णाला डोळ्यांपुढे ठेवूनच आखलेली आहे. दूरचा रुग्ण असेल तर स्क्रू फिरवल्यानंतरच्या मधल्या भेटी व्हिडिओ कॉलवर होऊ शकतात. मी आग्रह धरल्यावर शेवटच्या दोन तशा झाल्याही. विदर्भात नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळच्या सावंगी मेघे आणि अमरावती येथेही दंत महाविद्यालये आहेत. खाजगी दवाखान्यात पैसे भरण्यापूर्वी आपल्याला जवळ पडेल तिथे चौकशी करून पाहावी, ही सूचना मी अनुभवाने शहाणा होऊन करतो.

निगा राखणे सोपे आहे, फक्त आमच्या पाण्याशी जुळवून घ्यावे लागते. बोअरच्या पाण्याने धुतले तर महिन्याभरात पट्टीवर क्षाराचा पांढरा खरखरीत थर बसतो आणि त्यात वास धरतो. मी आता ते फिल्टरच्या कॅनमधल्या पाण्याने, मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने धुतो; टूथपेस्टने ॲक्रिलिकवर चरे पडतात. आठवड्यातून एकदा पांढरा व्हिनेगर पाण्यात घालून अर्धा तास बुडवून ठेवतो. गरम पाणी कटाक्षाने टाळतो. उन्हाळ्यात डबी माठाजवळच्या कोनाड्यात असते आणि प्रवासात डिक्कीत न ठेवता खांद्यावरच्या पिशवीत असते. चौदा महिन्यांत डाव्या बाजूचा स्क्रू जरा कडक फिरू लागला आहे, याखेरीज वस्तूत काही बिघाड नाही. योग्य निगा राखल्यास ती तीन ते पाच वर्षे टिकावी, असे सांगतात.

दातांची ठेवण मात्र हळूहळू बदलते, आणि याची कल्पना प्रत्येकाने आधीच घ्यावी. रात्रभर वरच्या दातांवर मागच्या दिशेने आणि खालच्या दातांवर पुढच्या दिशेने जोर पडतो. वर्षाच्या तपासणीत माझ्या वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर अर्ध्या मिलिमीटरने कमी झालेले निघाले. आरशात काही दिसत नाही. पण सदऱ्याचे बटण लावून झाल्यावर दोरा दातांनी तोडायची माझी जुनी सवय आहे, आणि पूर्वी जिथे तो तुटायचा तिथे आता तुटत नाही. श्वासाच्या बदल्यात मला हा सौदा मान्य आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या तरुणाने मात्र पुढच्या कित्येक वर्षांचा विचार करून तो ठरवावा.

वस्तूला मी पाचपैकी चार गुण देईन, दंतवैद्यांच्या कामाला साडेचार आणि दवाखान्याच्या व्यवस्थेला अडीच.

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या वावरातले काका घरी आले होते. ते जागलीत माझ्याच तोडीचे घोरतात आणि अलीकडे बैलगाडीवर बसल्या बसल्या झोपतात. मी डबी उघडून अप्लायन्स दाखवले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "गुरुजी, एक रात मले लावून पाहाले देता का?" ते फक्त माझ्याच दातांवर बसते हे समजावून सांगायला मला थोडा वेळ लागला. मग मी त्यांना एपवर्थचे आठ प्रश्न वाचून दाखवले. त्यांचे एकोणीस गुण झाले. कापसाचा पहिला वेचा घरात आला की ते माझ्याबरोबर नागपूरला येणार आहेत, आधी झोपेच्या तपासणीला.